पंधरा वर्षांनी भंगार, पन्नास वर्षांनी वारसा : आमच्या मॅटॅडोरची गोष्ट



गेल्या वर्षभरात आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न विचारसरणीचा नाही, निवडणुकीचाही नाही. प्रश्न असा आहे : "वर्गणीच्या पैशातून १९८८ सालचे भंगार कशाला विकत घेतले?" प्रश्न विचारणारे आपलेच लोक आहेत आणि पैसा त्यांच्याही खिशातला आहे. म्हणून त्याचे उत्तर लिहून देणे आमचे काम आहे. हिशोबासकट देतो. त्यात आमची एक मोठी चूकही आहे, तीही सांगतो.

आम्ही वसई-विरारमधले पंधरा-वीस कार्यकर्ते. कुणी वालीवच्या गाळ्यांत काम करतो, कुणी रिक्षा चालवतो, दोघी शिक्षिका आहेत, बाकीचे रोज विरार लोकलला लटकून मुंबईला जाणारे. जयंती, बुद्ध पौर्णिमा, संविधान दिन आणि वाडा-विक्रमगडकडच्या पाड्यांवर पुस्तके घेऊन जाणे, हे आमचे वर्षाचे काम. या प्रत्येक कामाला टेम्पो लागतो. पुस्तकांच्या पेट्या, सतरंज्या, जनरेटर, स्पीकर, पाण्याचे जार डोक्यावरून नेता येत नाहीत.

एका एप्रिलमध्ये नेहमीच्या टेम्पोवाल्याने १४ तारखेचे भाडे सांगितले सात हजार. एरवी तो त्याच फेरीचे साडेतीन हजार घ्यायचा. का, म्हणून विचारले तर म्हणाला, "तुमचा झेंडा लागणार ना गाडीला? काच फुटली तर कोण देणार?" दुसऱ्याने तर गाडी मोकळी असताना बुकिंग आहे म्हणून सांगितले. दुप्पट भाडे मोजून आम्ही जयंती केली, पण ती गोष्ट कुणाच्याही मनातून गेली नाही.

जाणार कशी? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलेल्या माणसाला दुप्पट भाडे म्हटले की मसूर स्टेशन आठवते. १९०१ साली लहानगा भीमराव घरातल्या इतर मुलांसोबत वडिलांकडे गोरेगावला निघाला होता. स्टेशनवर मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एकजण तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि त्यातही अट अशी की बैल मुलांनी हाकायचे, तो बाजूने चालणार. आमच्याकडून सात हजार मागणाऱ्याने जात विचारली नव्हती, झेंडा विचारला होता. एवढाच काय तो बदल.

त्या वर्षीच्या बैठकीत ठरले की गाडी आपली हवी. यावर मतभेद नव्हता. मतभेद होता तो नवी की जुनी यावर. नवी पिकअप आठ-दहा लाखांच्या घरात जाते. कर्ज घ्यायचे तर ते संस्थेच्या नावावर मिळत नव्हते, म्हणजे कुणातरी एकाच्या पगारावर घ्यावे लागले असते आणि पाच वर्षे दर महिन्याला हप्ता. आमच्यातल्या रिक्षावाल्या दादाने हिशोब मांडला, "हप्ता भरायचा तर गाडी रोज भाड्याने लावावी लागेल. मग चौदा एप्रिलला तीच गाडी भाड्यावर असेल आणि आपण पुन्हा दुसऱ्याच्या दारात." हा मुद्दा सर्वांना पटला. आमच्या पेटीत साधारण अडीच लाख होते. तेवढ्यात बसेल ती गाडी घ्यायची असे ठरले.

शोधता शोधता आगाशीकडे एका फुलबागेच्या मागे मॅटॅडोर सापडली. उघड्या हौद्याची, तीन वर्षे उभी असलेली. वसईची फुले आणि केळी तिने वर्षानुवर्षे बाजारात पोहोचवली होती. मालकाच्या मुलाला ती जागा अडवणारी वस्तू वाटत होती. मालक काकांना मात्र ती विकताना वाईट वाटत होते. सौदा ऐंशी हजाराला झाला.

तरुण मित्रांसाठी थोडी माहिती. आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला 'टेम्पो' म्हणतो, तो शब्द एका कंपनीच्या नावावरून आला. जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेम्पो सुरू झाली. तिच्या तीनचाकी गाड्या इतक्या पसरल्या की नाव हेच वस्तूचे नाव झाले. पुढे पुण्याजवळच्या आकुर्डीत बनलेली मॅटॅडोर आली आणि ऐंशीच्या दशकात तिला मर्सिडीजच्या परवान्यावर देशात तयार होणारे डिझेल इंजिन मिळाले. हीच कंपनी २००५पासून फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते. गावोगावचा भाजीपाला, दूध, लग्नाची वऱ्हाडे आणि मोर्चाचे कर्णे या गाडीने वाहिले. आमच्या गाडीचा नंबर तर एमएच मालिका सुरू होण्यापूर्वीचा, तीन अक्षरांचा आहे. सध्याचा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ला लागू झाला. म्हणजे ही गाडी त्या कायद्यापेक्षाही वयाने मोठी.

आता कायद्याकडे येतो, कारण खरा वाद तिथेच आहे.

आमच्या ओळखीतला एक सुशिक्षित माणूस म्हणाला, "अरे, व्हिंटेजमध्ये नोंदवा ना! मान मिळतो, वेगळा नंबर मिळतो." आम्ही नियम काढून वाचला. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी, व्यापारी वापराची नको, मूळ रूपात जपलेली हवी. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षे, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. आणि मुख्य अट अशी की ती रस्त्यावर नेहमीसारखी चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. आमची गाडी पन्नास वर्षांची होणार २०३८ साली. आणि झाली तरी ती मालवाहू आहे, रोज राबणारी आहे, दुरुस्त करून बदललेली आहे. म्हणजे तिन्ही अटींवर नापास.

दुसरीकडे, त्याच २०२१ साली भंगार धोरण आले. ते नीट समजून घ्या, कारण त्याबद्दल अफवा फार आहेत. खासगी माणसाची गाडी पंधरा वर्षांची झाली म्हणून ती मोडलीच पाहिजे, असे हे धोरण म्हणत नाही. तशी सक्ती सरकारी गाड्यांना आहे, १ एप्रिल २०२३पासून. बाकीच्यांनी फिटनेस चाचणी पास केली तर गाडी चालवता येते. (दिल्ली परिसराचे नियम वेगळे आणि कडक आहेत.) पण १ एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या फिटनेसची फी कित्येक पटींनी वाढवली गेली. शिवाय आपल्या राज्यात जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आहे, आणि तो मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतरच लागू होतो, खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर.

हे दोन नियम शेजारी ठेवून पाहा. राबणारी जुनी गाडी संशयित आहे, तिने दरवर्षी आपण धडधाकट असल्याचा पुरावा द्यायचा आणि जास्त फी भरायची. न राबणारी जुनी गाडी मात्र देशाचा वारसा आहे. पंधराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत पस्तीस वर्षे गाडी झाकून ठेवायला ज्याच्याकडे बंगला आणि गॅरेज आहे, त्याच्या वस्तूचा वारसा होतो. ज्याचे घर एका खोलीचे आणि गाडी रस्त्याच्या कडेला, त्याच्या वस्तूचे भंगार होते. वस्तू एकाच कारखान्यातून आलेली असू शकते. फरक तिच्या मालकाच्या जागेत आहे. वारसा कुणाचा आणि कचरा कुणाचा, हे ठरवण्याची ही पद्धत आपल्याला नवी आहे का?

पण म्हणून 'आमची गाडी गरिबाची आहे, तिला कुणी हात लावू नका' असे आम्ही म्हणणार नाही. इथेच आमची चूक सांगायची आहे.

गाडी घेतल्याच्या उत्साहात आम्ही आधी काय केले? कुणाला निळा रंग हवा होता, कुणाला पुढे मोठा बुलबार, कुणाला हौद्यावर दिवे. मेस्त्री चाचा सांगत होते, "पहले ब्रेक का काम करो." आम्ही इंजिन सुरू झाले, आवाज चांगला आहे, एवढ्यावर खूश. शिरसाडवरून अंबाडीच्या रस्त्याला पहिली फेरी काढली, हौद्यात पुस्तकांच्या पेट्या. पारोळच्या पुढे उतारावर ब्रेकचे पॅडल थेट खाली गेले. चालवणाऱ्या दादाने गिअर पाडत, हँडब्रेक ओढत गाडी कडेच्या मातीत घातली. समोरून शाळेची मुले सायकलवर येत होती. दहा-बारा फुटांचे अंतर राहिले असेल. कुणाला खरचटलेही नाही, पण त्या रात्री आमच्यातले कुणी नीट जेवले नाही.

पुढच्या बैठकीत आमच्या एका ताईंनी पुन्हा तेच पुस्तक काढले. या वेळी मसूर नाही, चाळीसगाव. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तेव्हा महारवाड्यात न्यायला टांगेवाले तयार नव्हते. टांगा देतो पण हाकणार नाही, असे म्हणाले. आपल्या पाहुण्याने पायी यावे हे वस्तीला कमीपणाचे वाटले. म्हणून टांगा घेतला आणि तो हाकायला बसला आपल्यातलाच एकजण, ज्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलापाशी अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. नंतर त्यांनी लिहिले की आपला मान राखण्यासाठी या लोकांनी आपला जीवच धोक्यात घातला. ताई म्हणाल्या, "आपण परवा पारोळला हेच केलं. मानासाठी गाडी घेतली आणि ब्रेक बघितला नाही."

यावर कुणाकडे उत्तर नव्हते. मसूर सांगते की वाहन आपले हवे. चाळीसगाव सांगते की वाहन हातात येणे पुरेसे नाही, ते चालवण्याची विद्याही आपली हवी. आपण पहिला धडा पाठ करतो आणि दुसरा विसरतो.

तिथून पुढे एकच नियम केला : आधी माणसाचा जीव वाचवणारी गोष्ट, मग गाडी चालवणारी, मग कागद, आणि सर्वांत शेवटी दिसणारी. त्या क्रमाने खर्च असा झाला. ब्रेकचे मास्टर सिलिंडर, चाकांतले सिलिंडर, लायनर, सगळ्या नळ्या नव्या : १८,५०० रुपये. खाऱ्या हवेने सडलेला केबिनच्या तळाचा पत्रा कापून नवा, चेसिसला दोन ठिकाणी वेल्डिंग, पाटे बदलले : २६,०००. चार टायर : २४,०००. वायरिंग, हेडलाइट, इंडिकेटर, वायपर आणि दोन सीटबेल्ट : ११,०००. पंप-नोझलचे काम : १४,०००. क्लच आणि गिअरबॉक्स : १२,५००. ट्रान्सफर, जुना कर, फिटनेस, विमा, नवी नंबर प्लेट मिळून ३१,०००. शेवटी डेंटिंग-पेंटिंग २१,०००. एकूण १,५८,०००, आणि गाडीचे ८०,००० धरून २,३८,०००. पावत्या पेटीत आहेत, कुणीही येऊन पाहाव्यात.

काय केले नाही, तेही सांगतो. नव्या गाडीचे जास्त ताकदीचे इंजिन बसवा, असा सल्ला मिळाला होता. पण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून आहे तेच इंजिन खोलून भरले. बुलबारवर केंद्राने डिसेंबर २०१७मध्ये बंदी घातली आहे, तो विषय संपला. रंग बदलला तर आरसीवर नोंद लागते. ती नोंद करून घेतली आणि मगच निळा रंग दिला. संविधानाची पुस्तके वाहणाऱ्या गाडीने कायदा मोडून फिरावे, हे आम्हाला मान्य नाही. आपल्याला अडवायला पोलिसाला कारण लागत नाही, मग आपण होऊन ते हातात कशाला द्या?

धुराबद्दलही बोलले पाहिजे. काही मित्र म्हणतात, पर्यावरण हा उच्चवर्णीयांचा विषय आहे. पण महामार्गाच्या कडेला, पेल्हारपासून नालासोपाऱ्यापर्यंत, चाळींत कोण राहते? जुन्या डिझेलचा धूर आधी आपल्याच पोरांच्या छातीत जातो. म्हणून पंप-नोझलला चौदा हजार घालवले आणि पीयूसी वेळेवर काढतो. गाडी मुंबईत नेत नाही, ६ डिसेंबरला आम्ही लोकलनेच जातो. चेसिस पुन्हा सडली तर गाडी मोडायची हेही लिहून ठेवले आहे. तेव्हाही ती गल्लीतल्या भंगारात देणार नाही. तिथे उघड्या हातांनी, तेलात पाय बुडवून गाड्या मोडणारी पोरे कुणाची आहेत, हे आपल्याला माहीत आहे. नोंदणीकृत केंद्रात देऊ आणि तसे प्रमाणपत्र घेऊ.

जुन्याचे प्रेम आम्हाला नाही. बाबासाहेबांनी गांधीवादावर लिहिताना यंत्राची बाजू घेतली होती, कारण यंत्र माणसाला ढोरमेहनतीतून सोडवून विचार करायला वेळ देते. बैलगाडी पवित्र आणि मोटार पापी, असले तत्त्वज्ञान राबणाऱ्याच्या कामाचे नाही. आम्ही मॅटॅडोर जुनी आहे म्हणून ठेवलेली नाही, ती उपयोगी करता आली म्हणून ठेवली.

सर्वांत मोठा वाद मात्र शेवटी झाला, आणि तो आपल्या सर्वांच्या सवयीचा आहे. जयंतीच्या आधी वस्तीतले लोक म्हणाले, "गाडी आपली झाली, आता हौद्यात पन्नास माणसं बसवून नेऊ." आम्ही नाही म्हणालो. फार बोलणी खाल्ली. "लोकांसाठी घेतली म्हणता आणि लोकांनाच बसू देत नाही?"

आमचे म्हणणे इथे पुन्हा मांडतो. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे नेणे बेकायदा आहे. अपघात झाला तर अशा माणसांच्या भरपाईला विमा कंपनी सहसा बांधील राहत नाही. पण कायदा बाजूला ठेवा. लग्नाला, मोर्चाला, वीटभट्टीला, आपली माणसे वर्षानुवर्षे हौद्यात उभी राहून गेली. मालासारखी. त्यांना दुसरी सोय कुणी दिली नाही, हे खरे. पण ज्या दिवशी गाडी आपली झाली, त्या दिवशीही आपण आपल्या आई-बहिणींना मालासारखे उभे करणार असू, तर मालक बदलला, वागणूक तीच राहिली. आमच्या गाडीत माल जातो : पुस्तके, सतरंज्या, पाणी. माणसे बसने जातात, आणि टेम्पोच्या भाड्याचे जे पैसे आता वाचतात ते त्या बसला लागतात. त्या जयंतीला दोन बस केल्या. म्हातारी माणसे बसून गेली आणि बसून परत आली. बोलणाऱ्यांचे बोलणे तिथे थांबले.

चालवणारे आता चारजण आहेत, त्यांत दोघी ताई. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये सांगितले, त्यामुळे वेगळ्या परवान्याची अडचण राहिली नाही. तरी आमचा नियम असा की मेस्त्री चाचांकडे आठ रविवार गाडीखाली झोपल्याशिवाय कुणालाही किल्ली मिळत नाही. ब्रेक ऑइल कुठे पाहायचे, नळी गळते आहे हे कसे ओळखायचे, हे हातांनी शिकायचे.

गेल्या बुद्ध पौर्णिमेला पहाटे गाडी नालासोपाऱ्याच्या स्तूपाकडे नेली. बुरुड राजाचा कोट म्हणून लोक ज्या टेकाडाला ओळखत होते, ते १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी खणले आणि आतून स्तूपाची करंडके निघाली. ती आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्याच सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. स्तूपापाशी पुस्तके मांडताना एका पोराने विचारले, हे खरे व्हिंटेज ना? आम्ही म्हणालो, करंडक कपाटात राहू शकते, धम्म राहू शकत नाही. बाबासाहेबांनी धम्म जसाच्या तसा उचलला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना जे बुद्धीला पटत नव्हते ते तपासले, बाजूला केले, आणि आपल्याला रोज जगता येईल असा मांडला. जुन्या गोष्टीचा मान राखण्याची आम्हाला माहीत असलेली रीत ही आहे.

तुमच्या भागात कुणी अशी गाडी घेत असेल, तर घेण्याआधी इतके करा. आरसीवरचा चेसिस नंबर प्रत्यक्ष गाडीवरच्या नंबराशी पेन्सिलने कागदावर उतरवून जुळवा. बाकी असलेला कर, चलन आणि जुन्या कर्जाची नोंद तपासा. हातोडीने चेसिस ठोकून पाहा, आवाज दबका आला तर पत्रा सडला आहे. गाडीच्या किमतीइतकेच नव्हे, त्याच्या दुप्पट पैसे दुरुस्तीला बाजूला ठेवा. ते नसतील तर थांबा, भाड्याने घ्या, पण अर्धवट गाडी रस्त्यावर आणू नका. आणि पहिला रुपया ब्रेकवर घाला.

मग झेंडा लावा. आता तो लावायला कुणाला विचारावे लागत नाही.

जय भीम! जय संविधान!